दोन दप्तरें

मराठींत ‘दप्तर’ हा एकच शब्द दोन अगदीं निराळ्या वस्तूंना लावितात. एक दप्तर राज्याचें. पेशवे दप्तर म्हटलें कीं पुण्यांतील ती दगडी इमारत, हजारों रुमालांत बांधून ठेविलेले कागद आणि त्यांवर वांकलेले संशोधक डोळ्यांपुढें उभे राहतात. दुसरें दप्तर पोर खांद्याला अडकवून शाळेस नेतें तें. त्यांत फुटकी पाटी, दोन वह्या आणि हंगामाप्रमाणें कैरी नाहींतर चिंच. श्रोतेहो, आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें ह्या दुसऱ्या दप्तराविषयीं. शिक्षकांनीं आणि विद्यार्थ्यांनीं आपल्या हातानें लिहिलेलीं पत्रें, रोजनिश्या, हिशेबाचीं टिपणें, चिकटवह्या, हस्तलिखित अंक यांना इतिहासाचें साधन म्हणावें कीं रद्दी म्हणावें, हा प्रश्न आहे. मला त्याचें उत्तर उशिरां कळलें, आणि त्या उशिराचा दंडहि मीं भरला आहे. तो पुढें सांगतों.

पहिल्या दप्तराला भक्त पुष्कळ मिळाले. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड छापला आणि पुढें आयुष्यभर गांवोगांव हिंडून माळ्यांवरचीं बासनें सोडलीं. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ एवढ्या अवधींत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे तर आमच्याच पेशाचे. शाळेंत संस्कृत शिकवावें आणि उरलेल्या वेळांत पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें उतरून काढावीं, असा त्यांचा क्रम होता. त्यांतूनच ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा राहिला. सरदारांचीं पत्रें अशा जिव्हाळ्यानें जपणाऱ्या मास्तरांच्या वर्गांत जीं मुलें बसत, त्यांच्याहि वह्या जपाव्या, असें मात्र त्या काळीं कोणाच्या मनांत यावें? इतिहास म्हणजे स्वाऱ्या आणि तह अशीच सर्वांची समजूत होती. आणि खरें सांगावयाचें तर माझीहि, चाळिशी उलटेपर्यंत, तीच होती.

दुसरें कारण आमच्या जुन्या शिक्षणपद्धतींतच आहे. पंतोजींच्या शाळेंत मूल पहिलें अक्षर काढी तें धूळपाटीवर. फळीवर बारीक धूळ पसरावयाची, बोटानें किंवा काडीनें अक्षर गिरवावयाचें, आणि फळी हालविली कीं अक्षर गेलें. ‘धुळाक्षरें’ हा शब्द तेथूनच आला. मग दगडी पाटी आली, तीहि पुसण्यासाठींच. कागद महाग, हात वळणावर आल्याखेरीज तो मुलाच्या हातीं पडत नसे. रशियांतील नोव्हगोरोद शहरीं १९५६ सालीं उत्खननांत ओन्फिम नांवाच्या एका लहान मुलाचीं अक्षरें आणि चित्रें सांपडलीं. तेराव्या शतकांतला हा मुलगा बर्च झाडाच्या सालीवर मुळाक्षरें कोरीत बसे. कोरतां कोरतां कंटाळा आला तेव्हां त्यानें घोड्यावर बसून शत्रूला भाल्यानें भोसकणारा एक वीर काढला आणि शेजारीं आपलेंच नांव लिहिलें. ती साल चिखलांत रुतून राहिली, म्हणून सातशें वर्षांनीं लोकांना वाचतां आली. परभणीच्या काळ्या मातींतहि तितकेच कंटाळलेले आणि तितकेच शूर ओन्फिम होऊन गेले असतील. पण त्यांचे घोडे धुळींत काढलेले होते.

तेव्हां आपल्या भागांत शोध घ्यावयाचा तो कागदी वह्यांच्या काळाचा, म्हणजे बहुतांशीं निजामी राजवटीच्या शेवटच्या चाळीस-पन्नास वर्षांचा. त्या वेळचा परभणी जिल्हा आजच्याहून बराच मोठा होता. हिंगोली, वसमत, कळमनुरी हे तालुके १९९९ सालीं निराळे निघाले. परतूर १९८१ सालीं जालना जिल्ह्यांत गेलें. जिल्ह्याची भाषा मराठी आणि सरकारची उर्दू. प्राथमिक शाळेला तहतानिया म्हणत, मिडल स्कुलाला वस्तानिया आणि हायस्कुलाला फोकानिया. शिक्षक तो मुदर्रिस आणि वर्ग ती जमात. मराठी मुलगा पहिल्या कांहीं इयत्ता मायबोलींत काढी आणि वर चढला कीं त्याच्या भूगोलाचा जुगराफिया होई, इतिहासाची तारीख होई. बेरीज ती जमा, वजाबाकी ती तफरीक, गुणाकार तो जर्ब आणि भागाकार ती तक्सीम. १९१७ च्या फर्मानानें उस्मानिया विद्यापीठ स्थापन करावयाचें ठरलें व १९१९ पासून तेथें उर्दूंतून शिकविणें सुरू झालें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देतां येतें हें त्या विद्यापीठानें करून दाखविलें, आणि हें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. मात्र ज्या भाषेंतून तें दिलें ती प्रजेंतील बहुसंख्यांची भाषा नव्हती. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. हैदराबादेस १९०७ सालीं विवेकवर्धिनी निघाली, तींत केशवराव कोरटकर यांचा पुढाकार होता. ज्यांना परवडे ते आपलीं मुलें हैदराबादेस धाडीत. सातोन्याचे भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे आपले कवि बी. रघुनाथ, हैदराबादेसच शिकून १९३२ सालीं मॅट्रिक झाले. बाकीच्यांना जुगराफिया चुकला नाहीं.

त्या काळचा कागद हातीं आला म्हणजे तो वाचावयास नुसती अक्षरओळख पुरत नाहीं. पहिली अडचण सनाची. कागदावर १३५० असें साल दिसतें, आणि आजच्या मुलाला वाटतें, हा बहामनी काळचा कागद. तें फसली साल. त्यांत ५९० मिळविले कीं इसवी सन निघतो. परंतु हैदराबाद संस्थानांत फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं लागे, म्हणून १३५० म्हणजे ऑक्टोबर १९४० पासून पुढचें एक वर्ष. महिन्यांचीं नांवें आजूर, दय, बहमन, इस्फंदार अशीं. दुसरी अडचण पैशाची. संस्थानचा रुपया हाली आणि इंग्रजी राज्याचा तो कलदार. सात हाली रुपये दिले म्हणजे सहा कलदार मिळत. तेव्हां ‘पुस्तक दोन रुपये’ एवढ्या नोंदीवरून कांहींच ठरत नाहीं. पुस्तक पुण्याहून मागविलें कीं परभणीच्या बाजारांत घेतलें हें आधीं पहावें लागतें. तिसरी अडचण लिपीची. एकाच घरांत आजोबांचा हिशेब मोडींत, नातवाचा निबंध बाळबोधींत आणि शाळेचा दाखला उर्दूंत. एक गोष्ट मात्र वाचणाऱ्याच्या मदतीला येते, ती म्हणजे टपालाचें तिकीट. निजामाचें टपालखातें स्वतंत्र होतें आणि तें १९५० पर्यंत चाललें. राज्यांतल्या राज्यांत फिरणाऱ्या पत्रावर निजामाचें तिकीट असे, बाहेरून येणाऱ्या पत्रावर हिंदुस्थानचें. पत्र सरहद्दीच्या कोणत्या बाजूनें आलें हें, आंतला मजकूर न वाचतांहि, त्या तिकिटावरून सांगतां येतें.

हें सर्व मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. माझे वडील वारल्यावर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेंत एक जाड वही निघाली, तिनें शिकविलें. वडील फोकानियाच्या आठव्या जमातींत परभणीस शिकत असतांनाची ती वही. खेड्यांतून आलेला मुलगा, दुसऱ्याच्या ओसरीवर रहाणारा. वही दोन तोंडांची आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून वहीच्या एका टोकाकडून शाळेची उर्दू सुरू होते. मराठी डावीकडून उजवीकडे, म्हणून दुसऱ्या टोकाकडून त्यांचीं खाजगी मराठी टिपणें. दोन्ही भाषा दोन बाजूंनीं एकमेकींकडे चालत येतात. मला उर्दू येत नाहीं. वडिलांना येत होती. पण आम्हां मुलांना ती त्यांनीं शिकविली नाहीं, आणि शाळेचा विषय निघाला म्हणजे, “फार मारकुटे होते,” एवढेंच ते आपल्या मुदर्रिसाविषयीं बोलत.

मराठी बाजूला आरंभींच वारांची यादी आहे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवी, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरीं, हें जुन्या श्रोत्यांना सांगावयास नको. यादींत सहा वारांपुढें सहा घरें आहेत. शनिवारापुढें ‘उपास’ असें लिहिलेलें आहे. तो मारुतीच्या भक्तीचा पुरावा मानावा कीं सातवें घर मिळालें नाहीं याचा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आमच्या घरीं शनिवार कोणीं धरल्याचें मला ठाऊक नाहीं. पुढें खर्च: टाक, शाई, रॉकेल, जोड्याला टांका, आईस पत्र. एका ठिकाणीं ‘खाडाखोड करूं नये’ हें वाक्य पंचवीस वेळां लिहिलें आहे, आणि त्यांतहि दोनदां खाडाखोड आहे. शेवटची मराठी नोंद शहरेवर १३५६ मधली, म्हणजे जुलै १९४७ ची: दोन आण्याचे कागद घेतले. त्यापुढें पानें कोरीं.

कोऱ्या पानांना कारण आहे, आणि तें इतिहासाच्या पुस्तकांत सांपडतें. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघराज्यांत सामील होण्याचा लढा सुरू झाला. वकिलांनीं न्यायालयें सोडलीं आणि विद्यार्थ्यांनीं शाळा सोडल्या. स्वामीजी स्वतः मूळचे शिक्षकच. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनीं कितीतरी वर्षें काढलीं, तेव्हां मुलांनीं त्यांचें ऐकलें यांत नवल नाहीं. मुलांना अशा कामाची संवयहि होती. १९३८ च्या नोव्हेंबरांत औरंगाबादच्या कॉलेजांत आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनीं ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला व शेंकडों जणांना बाहेर काढण्यांत आलें; त्यांना नागपूर विद्यापीठानें, कुलगुरु केदार यांच्या काळांत, आपल्या पदरांत घेतलें. हीं सर्व वृत्तें छापलेलीं आहेत. स्वामीजींच्या इंग्रजी आठवणी १९६७ सालीं निघाल्या, अनंत भालेराव यांनीं हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावर विस्तृत ग्रंथ लिहिला. पण ‘विद्यार्थ्यांनीं शाळा सोडल्या’ या एका छापील ओळींत एकेका विद्यार्थ्याची शाळा कशी सुटली तें कोठून येणार? तें माझ्या वडिलांच्या वहींत आहे. दोन आण्याचे कागद, आणि पुढें कांहीं नाहीं.

वहींत एक पोस्टकार्ड ठेविलेलें होतें. मजकूर चार ओळींचा: मी खुशाल आहें, काळजी नसावी, थंडीचें पांघरूण आहे, म्हैस व्याली का कळवावें. कळवावें, पण कोठें? गांवाचें नांव नाहीं, तारीख नाहीं, सही नाहीं. आणि पोस्टाचा शिक्का पुसट. वडिलांच्या हयातींत मीं तें कधीं पाहिलें नव्हतें. पण कार्डावरचें छापील तिकीट निजामाचें नव्हतें. तेव्हां वडील सरहद्दीपलीकडे होते. पैनगंगेपलीकडे उमरखेड, तसेंच वाशीम, अशा ठिकाणीं त्या दिवसांत कार्यकर्त्यांचीं शिबिरें होतीं, आणि आमच्या जिल्ह्यांतलीं पुष्कळ तरुण मंडळी तिकडे गेली होती. ते यांपैकीं कोठें होते हें मी सांगूं शकत नाहीं. आपण त्या लढ्यांत होतों असें त्यांनीं घरांत एकदांहि म्हटलें नाहीं. सन्मानपत्र नाहीं, निवृत्तिवेतन नाहीं. दोन पैशांच्या त्या कार्डानें तेवढी साक्ष दिली.

कोणी म्हणेल, एका मुलाच्या वारांच्या यादीस आणि म्हशीच्या चौकशीस इतिहास म्हणावयाचें का? त्यावर मी त्यांना १८५५ सालाकडे नेतों. त्या वर्षींच्या फेब्रुवारी-मार्चमध्यें ‘ज्ञानोदय’ पत्रांत दोन अंकांत मिळून एक निबंध छापला गेला. विषय मांग-महारांच्या दुःखाचा, आणि लेखिका मुक्ता साळवे, वय चौदाच्या आसपास, जातीची मांग, पुण्यांतील जोतीराव व सावित्रीबाई यांच्या शाळेंतली विद्यार्थिनी. वेद आमचे नव्हेत असें म्हणतां, तर मग आमचा धर्म कोणता तें तरी सांगा, असा त्या मुलीचा देवाला आणि शास्त्र्यांना सवाल आहे. पेशवाईंत आपल्या लोकांचे काय हाल झाले, आपल्या बाया उघड्यावर कशा बाळंत होतात, हें ती सांगते. पेशवाईवर ग्रंथांमागून ग्रंथ झाले; पण पेशवे दप्तराच्या हजारों रुमालांत जी बाजू त्या बाजूच्या माणसाच्या हातची मिळत नाहीं, ती एका शाळकरी मुलीच्या निबंधांत मिळते. ‘ज्ञानोदया’च्या संपादकांनीं तो छापला नसता तर तो त्याच वर्षीं रद्दींत गेला असता. मला हा विचार नेहमीं अस्वस्थ करितो. असे आणखी किती निबंध त्या शाळेंत लिहिले गेले असतील!

त्याच शाळेच्या शिक्षिकेचीं, सावित्रीबाईंचीं, जोतीरावांना लिहिलेलीं तीन पत्रें १९८८ सालीं डॉ. मा. गो. माळी यांनीं संपादिलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयांत आलीं आहेत. पहिलें १० ऑक्टोबर १८५६ चें, नायगांवाहून. त्या आजारपणामुळें माहेरीं होत्या, आणि भावाशीं झालेला वाद त्यांनीं कळविला आहे. मांग-महारांना शिकविण्यावरून भाऊ बोल लावतो, आणि ही आजारी बहीण त्याला अंथरुणावरून समजावते. दुसरें २९ ऑगस्ट १८६८ चें. त्यांत गणेश नांवाचा ब्राह्मण तरुण व शारजा नांवाची महार मुलगी यांची हकीकत आहे. गांवकरी दोघांना मारावयास निघाले असतां सावित्रीबाई मध्यें पडल्या व त्यांना वांचविलें. तिसरें २० एप्रिल १८७७ चें, ओतूरहून, ऐन दुष्काळांतलें. नवराबायकोच्या पत्रांत घरचें रडगाणें असावयाचें. येथें शाळा, दुष्काळ आणि परक्यांचीं पोरें. तीन पत्रांमध्यें साडेवीस वर्षांचें अंतर आहे. मधलीं पत्रें लिहिलीं गेलीं नसतील असें मला तरी वाटत नाहीं.

शाळेच्या दप्तरांत सर्वांत रूक्ष वस्तु म्हणजे जनरल रजिस्टर: नांव, जात, जन्मतारीख, दाखल दिनांक. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरांत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं १९१४ क्रमांकापुढें भिवा नांवाच्या एका मुलाची नोंद झाली. ही शाळा म्हणजे आजचें प्रतापसिंह हायस्कूल, आणि तो भिवा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्रांत तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशीं नोंद करणाऱ्या कारकुनाला किंवा मास्तराला आपण काय लिहितों आहों याची कल्पना असणें शक्य नव्हतें. त्यानें इतर नांवांसारखेंच तेंहि नांव लिहिलें. आम्हां शिक्षकांचा हा धंदाच असा आहे.

साने गुरुजींविषयीं थोडेंच सांगतों, कारण तें बहुतेकांना माहीत आहे. १९२४ ते १९३० या काळांत ते अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते व छात्रालय संभाळीत. मुलांसाठीं ते स्वतः हातानें लिहून छात्रालयाचें दैनिक काढीत. मुलें सकाळीं उठत तों तें तयार असे. छापखाना नाहीं, वर्गणी नाहीं, एक प्रत, आणि वाचक म्हणजे एका वसतिगृहांतलीं मुलें. हस्तलिखित अंकांची जी चाल पुढें महाराष्ट्रांतील शाळाशाळांतून दिसते तींतलें हें सर्वांत नांवाजलेलें उदाहरण. आतां मी माझ्या दंडाकडे येतों, कारण तो अशाच अंकांचा आहे.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी ज्या शाळेंत होतों तिचें नांव सांगत नाहीं. दोष शाळेचा नव्हता. जुन्या खोलीचे पत्रे बदलावयाचे होते, म्हणून आंतलें सामान बाहेर काढलें. जनरल रजिस्टर कायमचें जपावयाचें असा नियम आहे, म्हणून तें बाजूस ठेविलें. बाकीचें, म्हणजे जुने हजेरीपट, शिक्षकांच्या टांचणवह्या, तपासणीसाहेबांचे शेरे असलेलें बुक, मुलांचे हस्तलिखित अंक, सर्व दोन पोत्यांत भरलें. यादी करावयाचें काम माझ्याकडे आलें. यादींत मीं ‘निरुपयोगी कागद, पोतीं दोन’ असें लिहिलें आणि सही केली. पोतीं भरतांना एक हस्तलिखित अंक सहज उघडला गेला. १९५० च्या आसपासचा असावा. त्यांत एका मुलानें सप्टेंबर १९४८ मधली आपल्या गांवची हकीकत लिहिली होती. फौज येत असल्याची बातमी गांवांत कशी आली, म्हातारे लोक पारावर कसे गप्प बसून राहिले, आणि मग त्याची आई विहिरींत टाकून ठेविलेलीं भांडीं दोरानें वर काढूं लागली. दोन भांडीं निघालीं, तिसरें... इथपर्यंत मी आलों, तों हमाल ओझें उचलावयास आला. मीं अंक पोत्यांत टाकला. चौथ्या दिवशीं कांहीं सुचून रद्दीवाल्याकडे गेलों, तेव्हां त्यानें माल पुढें पाठविला होता. तिसरें भांडें निघालें कीं नाहीं, हें मला या जन्मीं कळावयाचें नाहीं. मुलाचें नांवहि मीं वाचलें नव्हतें.

हजेरीपटांचें मला तितकेंच वाईट वाटतें, जरी ऐकणाराला तें खरें वाटणार नाहीं. हजेरीपट म्हणजे नुसत्या रेघा आणि ‘गै’. पण खेड्यांतील शाळेचा हजेरीपट ओळीनें दहा वर्षांचा पाहिला तर त्यांत कापूस वेंचणीचे दिवस दिसतात, ज्वारीची सुगी दिसते, जत्रा दिसते. १९१८ च्या मानमोडीच्या साथीसारखी आपत्ति तर हजेरीपटांत न उमटतां रहावयाची नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत मी स्वतः विद्यार्थी होतों. आमच्या वर्गांतलीं निम्मीं मुलें खडी फोडावयास जात, आणि सुकडी वांटण्याच्या दिवशीं तेवढा वर्ग भरे. तें सर्व कोणा मास्तरांनीं निळ्या शाईनें दिवसादिवसाला लिहून ठेविलें होतें. मजुरांच्या हजेरीपटावर प्रबंध होतात. मुलांच्या हजेरीपटावर कोणीं केल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं.

मधल्या काळांत या कागदांना अकस्मात् भाव आला. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति शिंदे यांची समिति मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधावयास नेमली गेली, आणि निजामकाळचे उर्दू व मोडी कागद, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, हीं सर्व बासनें जागोजाग सुटूं लागलीं. मोडी वाचणारा माणूस गांवांत कोण, याची चौकशी होऊं लागली; ज्यांच्याकडे कोणी फिरकत नव्हतें अशा म्हाताऱ्यांच्या दारांत मोटारी उभ्या राहिल्या. ती चौकशी एका रकान्यापुरती होती हें खरें. रकाना पाहून झाला कीं पुस्तक मिटतात. तरीपण पुस्तक उघडलें गेलें, त्यावरची धूळ झटकली गेली, आणि कांहीं ठिकाणीं त्याचीं छायाचित्रें निघालीं, हेंहि लहान नव्हे. घरांत एखाद्या वाडवडिलांची वही असेल त्यांनीं ती या निमित्तानें खालीं काढावी. रकान्यापुरती न पहातां सगळीच पहावी. पानें सुटीं करूं नयेत, चिकटपट्टी लावूं नये, कडुलिंबाचा पाला व कोरडी जागा यांवर भागतें. आणि वहींत खोंचलेलें पोस्टकार्ड निराळें काढून ठेवूं नये. तें ज्या पानाशीं असतें त्या पानाशीं त्याचें कांहीं नातें असतें.

वडिलांच्या वहीची उर्दू बाजू माझ्यासाठीं पुष्कळ वर्षें मुकीच होती. मागच्या वर्षीं आमच्याच शहरांतील उर्दू शाळेंतून निवृत्त झालेले एक शिक्षक ओळखीचे झाले. मी त्यांना ‘सर’ म्हणतों, ते मला ‘मास्टरसाब’ म्हणतात. रविवारीं ते येतात, चहा होतो, आणि वही दोघांच्या मध्यें ठेवून ते वाचतात, मी उतरून घेतों. जमा झाली, तफरीक झाली, जर्ब झाली. जुगराफियांत गोदावरी कोठें उगम पावते तें आहे. प्रत्येक धड्याखालीं लाल शाईनें ‘देखा’ असा शेरा आणि मुदर्रिसाची सही. चुकीच्या उदाहरणावर जोरानें ओढलेल्या रेघा आहेत. एके ठिकाणीं टाकानें कागद फाटला आहे. वडील म्हणत तें खोटें नसावें.

मग शेवटचें लिहिलेलें पान आलें. वही तपासण्यासाठीं मुदर्रिसाकडे गेलेली असतांनाच वडिलांनीं शाळा सोडली असली पाहिजे, कारण त्या पानावर त्यांचें अक्षर नाहीं. नुसता लाल शाईचा शेरा आहे. सरांनीं तो एकदां मनांत वाचला, चष्मा पुसला, आणि मग मोठ्यानें वाचला: “गैरहाजिर. नाम खारिज न किया जाये.” खालीं तीच सही.

गैरहजर आहे, नांव कमी करूं नये. वही पुढें आमच्या घरीं कोणीं आणून दिली, हें आतां विचारावयास कोणी उरलेलें नाहीं. तक्सीमचीं चार पानें आम्हीं मध्यें सोडलीं होतीं, शाई उडाली आहे म्हणून. तीं येत्या रविवारीं उन्हांत धरून वाचावयाचीं आहेत.